गुरुपादप्पांचा लठ्ठपणा

गुरुपादप्पांची उंची पाच फूट नऊ इंच आणि वजन अठ्ठावन्न किलो. ट्रेझरीत ते अव्वल कारकून होते. खुर्चीत बसले की दोन्ही अंगांना एकेक फाइल मावेल एवढी जागा उरायची, आणि ते खरोखरच तिथे फायली ठेवायचे. अशा माणसानं २०१६च्या जानेवारीत, एका रविवारी सकाळी, घरच्यांदेखत आणि शेजाऱ्यांदेखत जाहीर केलं, "मला लठ्ठपणा येऊन राहिलाय. वेळीच इलाज करायला पाहिजे."

शेजारचे खाजामियाँ टेलर तेव्हा ओट्यावर चहा पीत होते. वीस वर्षांपासून गुरुपादप्पांचे कपडे तेच शिवायचे, त्यामुळे या विषयावर त्यांच्याएवढा अधिकार गावात कुणाला नव्हता. त्यांनी कप खाली ठेवला.

"अप्पा, तुमच्या पँटला कमरेत मी आतून डबल कापड लावतो. का, माहिताय? थांबावी म्हणून."

"लठ्ठपणा आतून असतो, मियाँ. बाहेरून दिसत न्हाई," गुरुपादप्पा गंभीरपणे म्हणाले.

गावाचं नाव सांगत नाही. तालुक्याचं गाव आहे, लातूर आणि नांदेडच्या मधलं. नवा जिल्हा होणार अशी आवई त्या वर्षी उठली होती आणि तो आपल्याच गावाचा होणार अशी आसपासच्या पाच तालुक्यांची खात्री होती. यांच्या गावाला तर इतकी घाई की खाजामियाँनी दुकानाची पाटी बदलून 'डिस्ट्रिक्ट टेलर्स' करून घेतली होती. जिल्हा व्हायला काय लागतं, यावर चौकात रोज चर्चा व्हायची. नळाला पाणी मात्र अठरा दिवसांनी यायचं, आणि आलं तरी पाऊण तास. त्यावर चर्चा करण्यात काही अर्थ उरला नव्हता.

आता खरी गोष्ट. लठ्ठपणा गुरुपादप्पांना नव्हता हे त्यांनाही ठाऊक होतं. पंधरा दिवसांपूर्वी ते बायकोला, मल्लम्माला, घेऊन लातूरला हाडांच्या डॉक्टरांकडे गेले होते. मल्लम्माचे दोन्ही गुडघे झिजलेले. तीन वर्षांत ती घराचा जिना चढली नव्हती. बावीस पायऱ्या, मध्ये वळणावर टेकायला एक चौकोन, आणि वर गच्ची. पापड वाळवायचे असले तर ती खालून सूचना द्यायची आणि गुरुपादप्पा वर चुकायचे. डॉक्टरांनी फोटो बघितले आणि काट्याकडे बोट दाखवलं. मल्लम्मा काट्यावर चढली. डॉक्टर म्हणाले, "दहा किलो कमी करून या. मग ऑपरेशनचं बघू." वाईट काही बोलले नाहीत. पण ते मोठ्यानं बोलले, आणि बाहेर बाकावर सात-आठ माणसं बसलेली होती.

परतीच्या एसटीत तिघांच्या सीटवर हे दोघं बसले. चाकूरला गर्दी चढली. एक माणूस जवळ आला, त्यानं सीटकडे बघितलं, मल्लम्माकडे बघितलं, आणि उभाच राहिला. मल्लम्मानं पदर आवळून घेतला आणि ती खिडकीकडे सरकत राहिली. आणखी सरकायला जागा नव्हती, तरी सरकत राहिली. घर येईपर्यंत तिनं बाहेरच बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. काळी ढेकळं आणि ओळीनं उभे टँकर.

गुरुपादप्पांनी त्या एसटीत ठरवलं की 'वजन' हा शब्द बायकोच्या बाबतीत आपल्या तोंडून कधी निघणार नाही. ट्रेझरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला वाट वाकडी करून जायचं कसं ते कळतं. आजारी आपण व्हायचं, पथ्य आपण धरायचं. एका चुलीवर दोन स्वयंपाक कोण करतं? घरात जे शिजेल ते तिच्याही पोटात जाईल.

इलाज त्यांना पेपरच्या रविवारच्या पुरवणीत सापडला. मथळा होता, 'ताटातली वनस्पती रोखते चरबी'. भाज्यांत, फळांत, मसाल्यात काही द्रव्यं असतात. कांद्यात एक, हळदीत एक, हिरव्या चहात एक, लालजांभळ्या रंगाच्या पाल्याफळांत आणखी एक. ही द्रव्यं चरबीच्या पेशी वाढू देत नाहीत, असं शास्त्रज्ञांना आढळलं आहे. त्यांतल्या पुष्कळांचं आडनाव एकच, पॉलिफेनॉल. लेखाच्या शेवटी बारीक अक्षरांत आणखी दोन ओळी होत्या. त्या गुरुपादप्पांनी वाचल्या नाहीत. सरकारी माणूस परिपत्रकाचा विषय वाचतो, तळटीप वाचत नाही.

"ह्यो घे माझा इलाज," ते मल्लम्माला म्हणाले. "आजपासून मला पॉलिफेनॉल पाहिजे. रोज."

हे वाक्य खाजामियाँनी ओट्यावरून अर्धंच ऐकलं. त्यांनी घरी जाऊन बायकोला, सालेहाला, सांगितलं की अप्पा फिनेल मागून राहिले. सालेहा पदरानं डोळे पुसत मागच्या दारानं आली. "भाभी, झालं काय? भांडण झालं का? फिनेल कशाला पितेत ते? आपण समजावू ना त्यांना." मल्लम्मा हसू दाबून तिला समजावत होती, पण तेवढ्यात बातमी गल्लीच्या टोकाला पोचली होती. दुसऱ्या दिवशी ट्रेझरीत साहेबांनी गुरुपादप्पांना आत बोलावलं, दार लावून घेतलं, आणि विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना, बिराजदार? रजा पाहिजे तर घ्या. माणसानं मनात ठेवू नये." गुरुपादप्पांनी पुरवणीचं कात्रण दाखवलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं, मग गुरुपादप्पांच्या मनगटाकडे बघितलं, आणि ते जास्तच काळजीत पडले.

पहिला प्रयोग हिरव्या चहाचा. तो लातूरहून मागवला. उकळून कपात ओतला तर भिजलेल्या कडब्याचा वास. गुरुपादप्पांनी डोळे मिटून अर्धा कप घेतला. मल्लम्मानं एक घोट घेतला, कप उचलून आत गेली, आणि त्यात दूध, साखर, आलं घालून पुन्हा उकळून आणला. चांगला झाला होता. तो चहा तसा आठवडाभर चालला.

दुसरा प्रयोग हळदीचा. भातात हळद, ताकात हळद, भाकरीच्या पिठात हळद. दहा दिवसांत गुरुपादप्पांची बोटं, सदऱ्याची बाही आणि पेन्शनच्या सहा फायली पिवळ्या झाल्या. एका पेन्शनर बाईनं त्यांना कावीळ उतरवणाऱ्या माणसाचा पत्ता दिला. तिसरा कांद्याचा. तो पंधरा दिवसांनी साहेबांनीच तोंडी आदेशानं बंद केला.

या टप्प्यावर समोरच्या घरातले व्यंकटराव पुढे आले. व्यंकटराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या काळात कालव्यात पाणी होतं, असं ते सांगायचे, आणि खोटं ठरवायला कालवा आता जाग्यावर नव्हता. ते म्हणाले, "गुरुपाद, हे बाहेरचं खूळ आपल्या अंगाला लागायचं न्हाई. लाल रंगात औषध आहे म्हणतोस ना? मग अंबाडी खा की! देठ बघ कसं लालबुंद असतंय. आपली आई काय खाऊन चालत होती बारा कोस?"

हे पटलं. अंबाडीची भाजी मल्लम्माच्या हातची, तुरीची डाळ आणि कण्या घातलेली, वरून लसणाची फोडणी. ती तर तिलाही आवडायची. पण बाजारात पालेभाजी होती कुठे? भाजीवाल्या बाया वाळकी वांगी मांडून बसायच्या आणि मेथीची जुडी विचारली तर गिऱ्हाइकाकडे दयेनं बघायच्या.

म्हणून गुरुपादप्पांनी गच्चीवर अंबाडी लावली. आणि इथून खरी फजिती सुरू झाली.

रंगाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, एक गळका हंडा असे तेरा नग जमले. माती चाकूरच्या एका पेन्शनरनं पोत्यात भरून दिली. पाणी ही अडचण होती. प्यायच्या पाण्याचा थेंब झाडाला घालायचा नाही, हे गुरुपादप्पांनी आधीच ठरवलं. मग ते परातीत बसून अंघोळ करू लागले. पाच फूट नऊ इंचांचा माणूस परातीत बसला की गुडघे कानाशी येतात, पण तांब्यातलं पाणी वाया जात नाही. अंघोळीचं, तांदूळ धुतल्याचं, भांड्याच्या शेवटच्या विसळणाचं, इष्टलिंगाच्या पूजेचं, असं सगळं पाणी बादलीत साठायचं. पूजेचं पाणी वेगळ्या तांब्यात. ते थोरल्या डब्याला, कारण तिथे बेलाचंही एक रोप होतं. सालेहा कपड्याचं दुसरं पाणी कुंपणावरून द्यायची. आणि गुरुपादप्पा रोज सकाळी सहा खेपा, संध्याकाळी चार, बावीस पायऱ्या चढून ते वर न्यायचे.

मार्चच्या मध्यावर अंबाडी वितभर झाली. शेजारी दोन डबे मेथी, एक डबा घोळ. आणि मग गावाला ती दिसली.

सगळं गाव तेव्हा राखेच्या रंगाचं झालं होतं. त्यात एका गच्चीवर हिरवं. एसटी स्टँडवरून दिसायचं. चिमण्या तिकडे, साळुंक्या तिकडे. लोकही थांबून बघायला लागले. पहिल्या आठवड्यात लोक म्हणाले, अप्पाच्या हाताला गुण आहे. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, अप्पाच्या घरात बोअरला पाणी लागलंय, सांगत न्हाईत. तिसऱ्या आठवड्यात दोन अनोळखी माणसं दारात येऊन पाणी शोधायला नारळ तळहातावर ठेवून अंगणातून फिरून गेली. नारळ कुठेच उभा राहिला नाही, तरी त्यांचा विश्वास बसला नाही.

इकडे पथ्य चालू होतं. मल्लम्मा भाजी करायची, गुरुपादप्पा डोंगराएवढी खायचे. ती मागाहून जेवायची, ती सवय जुनीच. दर रविवारी मेडिकलच्या दुकानाबाहेरच्या काट्यावर ते उभे राहायचे. अठ्ठावन्न, सत्तावन्न, साडेपंचावन्न. मल्लम्माला काट्यावर कसं न्यायचं हे त्यांना सुचेना. पण तिच्या दंडाकडे, बांगड्यांकडे ते चोरून बघायचे. काही फरक दिसेना.

एप्रिलमध्ये पँट काही केल्या थांबेना, म्हणून ते खाजामियाँकडे गेले. दुकानामागच्या अंगणात सालेहाची बकरी बांधलेली होती. दुष्काळात गावातल्या बकऱ्यांच्या फासळ्या मोजता येत होत्या. ही मात्र गुटगुटीत, चकचकीत, रवंथ करत बसलेली. तिच्यापुढे अंबाडीचे लाल देठ पडले होते.

"माशाल्ला, तुमच्या पाल्यानं तब्येत बनली हिची," खाजामियाँ कमरेचं माप घेत म्हणाले. "भाभी रोज पाठवतेत. महिन्याभरात डबल झाली बघा."

गुरुपादप्पांनी ते देठ मनात मोजले. चरबी रोखणारं द्रव्य खाऊन बकरी लठ्ठ झाली, याचं त्यांना वाईट वाटलं नाही. ते शास्त्रज्ञांनी बघावं. पण रोजच्या दहा खेपा, परातीतली अंघोळ, गावाचं हसणं, आणि तिनं ते उचलून बकरीला घातलं. ते घरी आले, जेवले, आणि नेहमीपेक्षा एक भाकरी कमी खाल्ली. मल्लम्मानं विचारलं, "बरं न्हाई का?" ते म्हणाले, "पथ्य आहे."

त्याच आठवड्यात नोटीस आली. पाणीटंचाई कक्षाकडून. 'टंचाई काळात बागबगीच्यासाठी पाण्याचा वापर केल्याची तक्रार प्राप्त झाली असून...' सात दिवसांत खुलासा. गुरुपादप्पांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे खुलासे मागवले होते. स्वतःचा लिहायला त्यांना तीन कागद लागले. त्यांनी लिहिलं की सदर झाडं बाग नसून औषध आहे.

कक्षाचे प्रमुख सिद्धराम म्हणून एक तरुण गृहस्थ होते. मूळचे घरपट्टी वसुलीचे, दुष्काळात पाण्यावर नेमलेले. ते सौम्यपणे म्हणाले, "औषध असेल तर डॉक्टरची चिठ्ठी जोडा, अप्पा."

गुरुपादप्पा लातूरला गेले, त्याच हाडांच्या डॉक्टरांकडे. स्टेशनजवळ पाण्याची रेल्वे आली होती, ती बघायला ही गर्दी. दवाखान्यात पोचायला दुपार झाली. डॉक्टरांनी कात्रण तळटिपेसकट शेवटपर्यंत वाचलं.

"बिराजदार, खालच्या ओळी वाचल्या का? हे प्रयोग बहुतेक उंदरांवर झालेत. काही काचेच्या बशीतल्या पेशींवर. माणसात किती उपयोग होतो ते अजून नक्की न्हाई. 'कदाचित' असं लिहिलंय बघा."

"म्हणजे उपयोग न्हाई?"

"तसंही न्हाई. पालेभाजी खाल्ली की पोट भरतं, तेलातुपाचं कमी जातं, माणसाला बरंच वाटतं. त्या द्रव्यांचा हातभार असेल थोडा. पण भाजी ही जादू न्हाई." मग त्यांनी गुरुपादप्पांना आपादमस्तक न्याहाळलं. "आणि तुम्ही का वाळलात इतके?"

गुरुपादप्पांनी नोटीस पुढे केली. डॉक्टर तसे चांगले. त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं, 'आहारात पालेभाज्या असाव्यात.'

सिद्धरामांनी चिठ्ठी उलटसुलट बघितली आणि खरंच वाईट वाटून म्हणाले, "अप्पा, यात असाव्यात म्हटलंय. लावाव्यात असं कुठं न्हाई."

गुरुपादप्पांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली, कारण मुद्दा बरोबर होता. स्वतःही त्यांनी हेच म्हटलं असतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी चारला, पथक आलं. गुरुपादप्पा ट्रेझरीत होते. खाजामियाँचा फोन आला. "अप्पा, लवकर या! कुदळ घेऊन आलेत, झाडं काढायला. आणि भाभी..." पुढचं ऐकायला गुरुपादप्पा थांबले नाहीत. तीस वर्षांत पहिल्यांदा ते कपाटाला कुलूप न लावता उठले. सायकलची साखळी बाजारातच उतरली. ती तशीच हातानं ढकलत, दुसऱ्या हातानं पँट धरून, ते घरापर्यंत पळाले.

घरात मल्लम्मा नव्हती. चुलीपाशी नाही, मागच्या दाराशी नाही. सालेहा जिन्याच्या तोंडाशी तोंडावर हात ठेवून उभी होती. तिनं नुसतं वर बोट केलं.

गुरुपादप्पा गच्चीवर पोचले तर अंबाडीच्या डब्यांसमोर, पालथ्या घमेल्यावर, मल्लम्मा बसलेली. चेहरा लाल, पदर घामानं चिंब, दोन्ही हात गुडघ्यांवर. समोर सिद्धराम, कुदळवाली दोन माणसं, पंच म्हणून बोलावलेले खाजामियाँ आणि दुसरे पंच व्यंकटराव, हे सगळे उन्हात ओळीनं उभे. बोलत ती एकटीच होती.

"हे बघा साहेब. ह्या बादलीत आमच्या मालकांच्या अंघोळीचं पाणी हाय. ह्यात सालेहाच्या कपड्याचं. हे तांदळाचं. हे भांड्याचं शेवटचं विसळण. तांब्यात पूजेचं. ह्यातलं कोणतं गावाला प्यायला पाहिजे ते सांगा, मी भरून देते. न्हाई तर झाडाला हात लावू नका."

सिद्धरामांनी पहिल्या बादलीत बोट बुडवलं. वास घेतला. साबण. दुसऱ्या बादलीत बुडवलं, तोही साबण, वेगळा. त्यांनी पूजेच्या तांब्याला हात लावला नाही. मग एका कुदळवाल्याच्या पाठीवर कागद ठेवून पंचनामा लिहिला, 'सदर ठिकाणी तेरा डबे आढळून आले. पाणी पिण्यायोग्य नसल्याचे प्रत्यक्ष खात्री करून पाहिले. तेरा डब्यांना बाग म्हणता येणार नाही.' आणि दोन्ही पंचांना सह्या करायला सांगितलं.

खाजामियाँनी झटकन केली. व्यंकटरावांच्या हातातलं पेन हलेना.

"अहो करा की काका," सिद्धराम म्हणाले. "अर्ज तुमचाच होता ना?"

व्यंकटरावांनी मान खाली घातली. "माझी तुळस वाळली, गुरुपाद," ते म्हणाले. "आमच्या हिनं लावलेली. ती गेली त्याला आता सहा वर्षं झाली, एवढी वर्षं जगवली मी. ह्या मार्चात वाळली. आणि रोज सकाळी समोर दार उघडलं की तुझं हे हिरवं. बघवंना मला."

गुरुपादप्पांना रागवायचं होतं. त्यांचा अधिकारही होता. पण शब्द सापडेपर्यंत मल्लम्मानं बसल्या जागेवरून हात लांबवला, अंबाडीचे कोवळे शेंडे खुडले, मूठभर, आणि व्यंकटरावांच्या हातात दिले. "डाळ असेल घरात तर डाळीत घाला, दादा. नसेल तर सालेहाकडून घ्या. आणि आमच्याकडच्या पाण्याची एक बादली रोज घेऊन जावा. तुळस परत लावा."

व्यंकटरावांनी सही केली. पथक गेलं. जाताना सिद्धराम परत वळून कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात गुरुपादप्पांना म्हणाले, "अप्पा, ही भाजी आमच्या आईलाबी आवडती." त्यांनाही एक जुडी मिळाली. पंचनाम्यात तिची नोंद नाही.

सगळे उतरल्यावर कळलं की मल्लम्मा उतरू शकत नाही. चढली होती ती रागानं. आता राग संपला होता आणि गुडघे सुजून तांब्याएवढे झाले होते. खाजामियाँनी खालून विचारलं, "खुर्ची आणू का, अप्पा? चौघं मिळून उतरवतो भाभींना."

"खुर्ची नको," मल्लम्मा म्हणाली. "माझी मी चढले, माझी मी उतरेन."

मग त्यांनी उतरायला सुरुवात केली. गुरुपादप्पा पुढे, पाठमोरे, म्हणजे तोंड तिच्याकडे करून एकेक पायरी मागे उतरत. तिचा एक हात कठड्यावर, एक त्यांच्या खांद्यावर. ते मोठ्यानं मोजत होते. एक. दोन. दर तिसऱ्या पायरीला ती थांबायची, श्वास घ्यायची. पाचव्या पायरीवर ते म्हणाले, "बकरीला का घातलीस?"

ती हसली. मग हसू विरलं.

"वजन उतरलं की कापणार ते."

"कोण?"

"डॉक्टर. दहा किलो उतरलं की ऑपरेशन. माझ्या आईला नेलं होतं ना, पोटाच्या ऑपरेशनला. गुंगी दिली. ती उठलीच न्हाई. मी सतरा वर्षांची होते, बाहेर बाकावर बसले होते." तिनं पायरी बदलली. "मला वाटलं, वजन राहू दे. तवर तर कुणी कापणार न्हाई."

सहा. सात. गुरुपादप्पा मोजत राहिले, पण आवाज बारीक झाला होता.

"मग सांगायचं न्हाई का मला?"

"तुम्ही तरी कुठं सांगितलं?" ती म्हणाली. "अठ्ठावन्न किलोचा माणूस गावभर सांगत फिरून राहिला, मला लठ्ठपणा झालाय म्हणून. लोक हसायचे. साहेबांनी बोलावून विचारलं. मला पहिल्या दिवशी कळलं होतं ते माझ्यासाठी हाय. मग तुमच्या तोंडावर 'मला भ्या वाटतंय' असं कसं म्हणू? तुम्ही परातीत बसत होता."

अकरा. वळणावरचा चौकोन आला. तिथे दोघं बसले. चौकोन एका माणसाचा होता. गुरुपादप्पा वाळले होते म्हणून दोघं मावले. खालून सालेहा कुणाला तरी सांगत होती, थांबा, घाई करू नका त्यांना.

मग मल्लम्मानं विचारलं, "गुंगी देतात तवा कुणाला आत राहू देतात का?"

नियम माहीत नसताना उत्तर द्यायचं नाही, ही गुरुपादप्पांची जन्माची सवय. "माहीत न्हाई," ते म्हणाले. "विचारतो."

"आणि न्हाई म्हटले तर?"

"तर दाराशी बसतो. दाराला पाठ लावून."

"मला काय कळणार? मी गुंगीत."

"मी मोठ्यानं बोलतो. आत ऐकू येईल असं."

"काय बोलणार?"

गुरुपादप्पांनी विचार केला. त्यांना गाणं येत नव्हतं, अभंग-वचनं अर्धी यायची. "आकडे म्हणतो," ते म्हणाले. "एकपासून. तू उठेपर्यंत."

मल्लम्मा त्यांच्याकडे बघत राहिली. मग पदरानं तिनं आधी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला, नंतर स्वतःच्या. कठड्याला धरून ती उठली. उठताना कण्हली, पण उठली.

"किती राहिल्या?"

गुरुपादप्पांनी खाली बघितलं, मग तिच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे. "नऊ," ते म्हणाले.

"अकरा हायत," मल्लम्मा म्हणाली, आणि पाय पुढे टाकला.